दोन वाटांनी आलेला सिग्नल



या व्याख्यानमालेचे श्रोते वेगवेगळ्या राज्यांत आहेत, म्हणून आधी माझा ठावठिकाणा सांगतो. माझा जन्म बडोद्याचा. घरात मराठी, अंगणात गुजराती. शिक्षण तिथेच झालं आणि नोकरीची जवळपास सगळी वर्षं बंगळुरूत गेली. काम एकच, रिसीव्हर तयार करणं. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सपासून डिजिटल रेडिओपर्यंत प्रत्येक यंत्रात एक भाग असा असतो, जो हवेतून किंवा केबलमधून आलेला सिग्नल घेतो आणि पाठवणाऱ्याने पाठवलेली माहिती त्यातून पुन्हा उभी करतो. मी त्या भागावर काम केलं.

आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वाटेत सिग्नल विकृत होतो, तो रिसीव्हर सरळ कसा करतो? शेवटी माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. हा विषय मला पुस्तकांनी शिकवला, पण समजला तो त्या चुकीमुळे.

सुरुवात बडोद्याच्या गच्चीवरून करू. तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या आसपास आहेत त्यांना हे दृश्य आठवेल. बाबा गच्चीवर अँटेना फिरवताहेत, आई खिडकीत, आणि मी टीव्हीसमोर. वरून आवाज यायचा, "आलं का?" मी ओरडायचो, "आलं, पण सावली आहे!" बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या बाजूला त्यांचीच एक फिकट आकृती दिसायची. आमच्या घरापासून काही अंतरावर पाण्याची उंच टाकी होती. सिग्नल एकदा सरळ आमच्याकडे यायचा आणि दुसऱ्यांदा त्या टाकीवर आपटून यायचा. दुसरी वाट लांबची, म्हणून तो थोडा उशिरा पोचायचा.

किती उशिरा? रेडिओ लहरी एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, 300 मीटर जातात. वळसा 600 मीटरचा असेल तर उशीर 2 मायक्रोसेकंदांचा. आपल्या जुन्या टीव्हीत चित्राची एक आडवी रेघ काढायला सुमारे 52 मायक्रोसेकंद लागत. पडदा 40 सेंटिमीटर रुंद धरला, तर सावली दीड सेंटिमीटर उजवीकडे पडणार. म्हणजे घरातली मोजपट्टी पडद्याला लावून टाकीच्या वळशाचं अंतर काढता आलं असतं. हे मला कॉलेजात कळलं. तोपर्यंत टीव्ही बदलला होता, टाकी मात्र तिथेच होती.

सावली असली तरी बातम्या कळायच्या. आपले डोळे आणि मेंदू हुशार असतात, खरी आकृती कोणती आणि सावली कोणती हे ते सहज ठरवतात. डिजिटल रिसीव्हरला ही सोय नाही. त्याला प्रत्येक क्षणी ठाम निर्णय घ्यावा लागतो की आत्ता आलेला आकडा कोणता.

एक छोटं उदाहरण घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर तुम्हीही करून पाहा. समजा, पाठवणारा चार पातळ्या वापरतो: -3, -1, +1 आणि +3. प्रत्येक पातळी म्हणजे दोन बिट. त्याने आधी +3 पाठवला आणि मग +1. वाटेत एक प्रतिध्वनी आहे, मूळ सिग्नलच्या निम्म्या ताकदीचा आणि बरोबर एक घर उशिरा येणारा. आता दुसऱ्या घरात रिसीव्हरला काय मिळेल? स्वतःचा 1, अधिक आधीच्या 3 चा निम्मा म्हणजे 1.5. एकूण 2.5. चार पातळ्यांपैकी 2.5 ला सगळ्यात जवळची कोणती? +3. निर्णय चुकला.

यात एक गोष्ट नीट पाहा. सिग्नल कमजोर नव्हता. खरखर अजिबात नव्हती. तरी चूक झाली. म्हणून घरात चॅनल अडकायला लागलं की सरळ बूस्टर आणून लावण्याचा उपाय पुष्कळदा फसतो. बूस्टर मूळ सिग्नल वाढवतो आणि प्रतिध्वनीही तेवढाच वाढवतो. दोघांचं प्रमाण आहे तसंच राहतं.

मग उपाय काय? आधीचा आकडा +3 होता आणि प्रतिध्वनी निम्मा आहे, या दोन गोष्टी माहीत असतील, तर 2.5 मधून 1.5 वजा करायचे. उरला 1. झालं काम. हे करणाऱ्या भागाला इक्वलायझर म्हणतात. गाणी ऐकताना आपण बास आणि ट्रेबल वरखाली करतो, त्या इक्वलायझरचाच हा भाऊ. फक्त याला कान नाहीत, याला गणित करावं लागतं.

दोन अडचणी लगेच दिसतात. पहिली, आधीचा निर्णयच चुकला असेल तर आपण चुकीचा आकडा वजा करू, त्यातून पुढचा निर्णय चुकेल, त्यातून त्याच्या पुढचा. चुकांची साखळी लागते. दुसरी अडचण मोठी आहे. प्रतिध्वनी निम्मा आहे आणि एक घर उशिरा येतो, हे रिसीव्हरला सांगितलं कोणी? प्रत्येक घराची टाकी वेगळी.

टेलिफोनच्या तारांवरून डेटा पाठवायला सुरुवात झाली तेव्हा ही दुरुस्ती तारेगणिक हाताने जुळवावी लागे. 1965 साली बेल लॅब्जमधले रॉबर्ट लकी यांनी स्वतःच स्वतःला जुळवून घेणारा इक्वलायझर मांडला. त्याआधी 1960 मध्ये स्टॅनफर्डला बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी एक साधा नियम दिला होता, जो आजही असंख्य यंत्रांत चालतो. तो नियम समजायला आंघोळीच्या बादलीपाशी जाऊ.

बादलीत कढत पाणी आहे आणि तुम्ही विसण घालताय. हात घालून पाहता, अजून गरम आहे, थोडं गार घालता. पुन्हा पाहता. फार गार झालं तर थोडं गरम. प्रत्येक वेळी हवं ते आणि मिळालं ते यातला फरक पाहून थोडीशी दुरुस्ती करायची, एवढाच नियम. सगळी मेख "थोडीशी" या शब्दात आहे. एकदम तांब्याभर ओतलंत तर पाणी कधी कढत, कधी थंडगार असं हेलकावे खात राहील. चमच्याने घालत बसलात तर आंघोळीला संध्याकाळ होईल. हे माप किती ठेवायचं, यावर आमच्या धंद्यात लोकांची उमेदीची वर्षं गेली आहेत. हे माप लक्षात ठेवा, पुढे माझ्या गोष्टीत ते परत येणार आहे.

पण हवं ते काय, हे कळायला हवं. त्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली, शिकवणी. पाठवणारा अधूनमधून असे आकडे पाठवतो जे रिसीव्हरला तोंडपाठ आहेत. अमेरिकेतल्या डिजिटल टीव्हीच्या पहिल्या पद्धतीत दर 24.2 मिलिसेकंदांनी असा ठरलेला तुकडा येतो. पाठ असलेलं आणि कानावर पडलेलं यांची तुलना केली की वाटेने काय केलं ते कळतं.

दुसरी पद्धत मला नेहमीच थोडी जादूसारखी वाटत आली आहे. शिकवणी नाहीच. तुमच्या केबलच्या सेट-टॉप बॉक्समध्ये बहुधा हीच पद्धत असते. आपल्याकडे वापरली जाणारी डिजिटल केबलची पद्धत इक्वलायझरला पाठ झालेला कोणताही लांब तुकडा देत नाही. तरी बॉक्स सुरू केल्यावर इक्वलायझर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जुळून बसतो. कसा? आलेले आकडे कोणते हे माहीत नसलं तरी ते एकूण कोणत्या मापाच्या चौकटीत बसायला हवेत हे माहीत असतं. चौकटीबाहेर विखुरलेले ठिपके आत ओढत राहायचे. 1975 मध्ये जपानचे योइची सातो आणि 1980 मध्ये डोमिनिक गोदार यांनी ही वाट दाखवली. एकदा ठिपके बऱ्यापैकी जागेवर आले की मग रिसीव्हर स्वतःच्या निर्णयांवर विसंबून उरलेली दुरुस्ती करतो.

जाता जाता केबलबद्दल एक उपयोगाची गोष्ट. घरात भिंतीमागे 20 मीटर केबल नुसती मोकळी सोडलेली असेल, तर तिच्या उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो. जाऊन-येऊन 40 मीटर. केबलमध्ये वेग जरा कमी असतो, म्हणून उशीर सुमारे 0.16 मायक्रोसेकंद. केबल टीव्हीत एका आकड्याला मिळणारा वेळही साधारण एवढाच असतो, 0.15 च्या आसपास. म्हणजे मघाशी आपण कागदावर मांडलेलं "एक घर उशिरा"चं उदाहरण तुमच्या भिंतीमागे असू शकतं. इक्वलायझर ते बरंचसं सांभाळून घेतो. तरी काही मोजकीच चॅनल अडकत असतील, तर केबलवाल्याला मोकळ्या टोकाला 75 ओहमचा टर्मिनेटर लावायला सांगा. बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू आहे.

तिसरी पद्धत वेगळ्या विचाराची. एका वाटेने घाईघाईने आकडे पळवण्याऐवजी हजारो बारीक वाटा करायच्या आणि प्रत्येकीवरून सावकाश जायचं. आठ मेगाहर्ट्झच्या डीव्हीबी-टी प्रक्षेपणात एका प्रकारात 6817 वाहक लहरी असतात आणि एक चिन्ह 896 मायक्रोसेकंद चालतं. त्याच्या आधी त्याच चिन्हाच्या शेपटीचा तुकडा जोडतात, जास्तीत जास्त 224 मायक्रोसेकंदांचा. सगळे प्रतिध्वनी या राखीव वेळेत येऊन गेले की पुढच्या चिन्हाला त्यांचा त्रास नाही. 224 मायक्रोसेकंद म्हणजे 67 किलोमीटरचा वळसा. आमची टाकी त्यापुढे काहीच नाही. दूरदर्शनने जमिनीवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणासाठी घेतलेली डीव्हीबी-टी2 ही याच पद्धतीची पुढची पिढी, आणि आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरचा डिजिटल रेडिओ, डीआरएम, हाही याच कुळातला.

या पद्धतीत दुरुस्ती म्हणजे प्रत्येक लहरीसाठी एकच भागाकार. त्या लहरीला वाटेने जितकं लहान केलं आणि जितकं वळवलं, तेवढ्याने भागायचं. ते किती हे कळावं म्हणून मधूनमधून ओळखीच्या लहरी पेरलेल्या असतात, त्यांना पायलट म्हणतात. शेतात चार ठिकाणी ओल तपासून सगळ्या वावराचा अंदाज बांधावा, तसा पायलटवरून मधल्या लहरींचा अंदाज बांधतात. दर चिन्हात पायलट जागा बदलतात, म्हणून काही चिन्हं एकत्र पाहिली की नकाशा भरत जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन वाटांनी आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना जवळपास पुसून टाकतात. तिथे वाटेचा आकडा शून्याजवळ असतो. शून्याजवळच्या आकड्याने भागलं की खरखरही तेवढ्याच पटीने फुगते. म्हणून चांगला रिसीव्हर भागाकार करतो आणि सोबत शेराही लिहितो की हा आकडा भरवशाचा नाही. पुढे चुका दुरुस्त करणारा भाग त्या शेऱ्याप्रमाणे कोणाचं किती ऐकायचं ते ठरवतो.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एक छोटी चाचणी हाती घेतली होती. मध्यम लहरींवरच्या डिजिटल प्रक्षेपणातून मासेमारीच्या होड्यांवर हवामानाचा मजकूर दाखवायचा. एक डबा, एक लहान पडदा. वाटेचा अंदाज बांधणारा भाग माझा होता. प्रयोगशाळेत तो उत्तम चालला. जास्तीत जास्त क्षीण सिग्नल पकडता यावा म्हणून मी पायलटची सरासरी जवळपास तीन सेकंदांची घेतली होती. त्या पद्धतीत एक चिन्ह सुमारे 27 मिलिसेकंदांचं, म्हणजे शंभरावर चिन्हांची सरासरी. खरखर धुऊन निघायची. प्रात्यक्षिकात सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या चाचणीच्या सिग्नलमध्ये प्रतिध्वनीही घातलेला होता. पण तो हलत नव्हता.

सौराष्ट्रातल्या एका बंदरात काही होड्यांवर डबे बसवले. दिवसाच्या नोंदी सुरेख आल्या. संध्याकाळी सातनंतर मात्र मजकूर यायचा बंद व्हायचा. मी बंगळुरूत बसून निदान केलं, होडीच्या इंजिनाचा उपद्रव असणार. तरी गुजराती येतं म्हणून मलाच पाठवलं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढलेला. आमचा डबा असलेल्या एका होडीचे वयस्कर तांडेल भेटले. मी विचारलं, "काका, डबा कसा चालतो?" त्यांनी मला आत नेलं आणि पडदा दाखवला. त्यावर लिहिलं होतं, समुद्र शांत, वारा मंद. मग माझ्या खांद्याला धरून मला बाहेर आणलं आणि बोट वर करून बावटा दाखवला. म्हणाले, "साहेब, हा तुमचा डबा सकाळपासून हेच सांगतोय. मी कोणाचं ऐकू?"

मजकूर सकाळचा होता. दुपारचा इशारा प्रक्षेपणातून गेला होता, पण त्या वेळी डबा बंद होता, आणि संध्याकाळी सुरू केल्यावर नवं काही उतरलं नाही. चुकलेला मजकूर दाखवायचा नाही एवढी अक्कल सॉफ्टवेअरला होती. म्हणून शेवटचा धड मिळालेला मजकूर तसाच पडद्यावर राहिला, वेळ न लिहिता. आमचे डबे असलेल्या दोन होड्या त्या दिवशी बाहेर होत्या. व्हीएचएफवर निरोप मिळाला म्हणून त्या अंधार पडायच्या आत परतल्या. त्या येईपर्यंत मी धक्क्यावरच उभा होतो. कोणी मला काही बोललं नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री मी नांगरलेल्या होडीवर बसून कच्चा सिग्नल नोंदवला. इंजिन बंद होतं, तरी अडचण होतीच. कारण आकाशात होतं. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत येणारी एकच वाट उरते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्या वरच्या थरावरून लहरी परत खाली येऊ लागतात. प्रक्षेपक सुमारे 150 किलोमीटरवर होता. तो थर 100 किलोमीटर उंच धरा. अर्धं अंतर 75, उंची 100, म्हणून तिरकी बाजू 125. शाळेतला 3-4-5 चा त्रिकोण. जाऊन-येऊन 250 किलोमीटर, म्हणजे जमिनीच्या वाटेपेक्षा 100 किलोमीटर जास्त. उशीर एक तृतीयांश मिलिसेकंद. राखीव वेळ त्याहून कितीतरी जास्त होता, तेव्हा तिथे चूक नव्हती. पण एवढ्या उशिरामुळे दर 3 किलोहर्ट्झवर एक खड्डा पडतो, आणि आमची पट्टी 9 किलोहर्ट्झची. तीन खड्डे.

ते खड्डे एका जागी राहत नव्हते. या लहरींची लांबी सुमारे 300 मीटर. वरची वाट 300 मीटरनी लांबली किंवा आखडली, की खड्डे एक पूर्ण फेरी सरकतात. संध्याकाळी वरचा थर सतत हलत असतो. लॅपटॉपवर मला ते खड्डे पाच-सात सेकंदांत सरकताना दिसत होते, आणि त्यांच्या मागे रखडत येणारी माझी तीन सेकंदांची गुळगुळीत सरासरी. खड्डा पुढे गेलेला असायचा आणि माझा रिसीव्हर जुन्या जागी भागाकार करत असायचा. वर शेराही उलटा, जिथे भरवसा नाही तिथे भरवसा आहे म्हणून. मी विसण चमच्याने घालत होतो आणि बादलीतलं पाणी क्षणाक्षणाला बदलत होतं.

दहा दिवसांवर एक मोठं प्रात्यक्षिक होतं. तेही दिवसा, प्रयोगशाळेत. काही न बदलता ते पार पडलं असतं. मी बंगळुरूला फोन करून सांगितलं की चूक इंजिनाची नाही, माझी आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत डबे होड्यांवरून उतरवावेत. फोनवर बराच वेळ शांतता होती. पण डबे उतरवले.

पुढे दोन बदल केले. वाट किती झपाट्याने बदलते आहे ते रिसीव्हर आधी मोजतो आणि त्याप्रमाणे सरासरीचा काळ लहान-मोठा करतो. वाट स्थिर असेल तर लांब, हलत असेल तर आखूड. आखूड सरासरीत खरखर जास्त उरते, ती किंमत मोजावी लागते. संध्याकाळचे बहुतेक मजकूर त्यानंतर येऊ लागले. सगळे नाही. दुसरा बदल इक्वलायझरशी संबंध नसलेला आणि अर्ध्या दिवसात झालेला. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर तो मिळाल्याची वेळ मोठ्या अक्षरांत, आणि ठरावीक तास उलटले की मजकूर पुसून तिथे "नवी माहिती मिळालेली नाही" एवढंच वाक्य.

ती चाचणी पुढे मोठी झाली नाही, त्याची कारणं वेगळी होती. पण शेवटच्या फेरीत मी पुन्हा त्या बंदरात गेलो. तांडेलांना नवा पडदा दाखवला. त्यांनी तो दुरुस्त झालेल्या इक्वलायझरबद्दल काही विचारलं नाही. "नवी माहिती मिळालेली नाही" हे वाक्य गुजरातीत दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे बरं केलंत."

तुमच्यापैकी जे विद्यार्थी आहेत आणि रिसीव्हरचं काम करणार आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. चाचणीत प्रतिध्वनी घाला, आणि तो हलताही ठेवा. रिसीव्हर जिथे वापरला जाणार आहे तिथे एक दिवस आणि एक रात्र बसा, विशेषतः सूर्य मावळताना. बाकीच्यांसाठी, पुढच्या वेळी टीव्हीचं चित्र अडकलं की बूस्टर घ्यायला जाण्याआधी भिंतीमागचं मोकळं टोक तपासा.

बाबा आता गच्चीवर चढत नाहीत. पण टीव्ही अडकला की आजही फोन करून विचारतात, "अरे, आता सावली का दिसत नाही? नुसतं थांबतं." त्यांना दिलेलं उत्तरच आज तुम्हाला जरा लांबवून सांगितलं.